दागिन्यांच्या पेटीतले रिव्हॉल्व्हर

२०१४ सालच्या आरंभी कानपूर येथील शासकीय शस्त्रनिर्मिती कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. त्याचे नाव 'निर्भीक'. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये जिच्यावर अमानुष अत्याचार झाले आणि जिला देशाने 'निर्भया' म्हणून हळहळत निरोप दिला, त्या तरुणीच्या नावाचाच हा प्रतिशब्द. वजन अवघे ५०० ग्रॅम, बोअर ०.३२, गोळ्या सहा, अंग टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, मूठ लाकडी आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. बाईच्या पर्समध्ये सहज मावावे अशी त्याची घडण होती. आणि भारतीय स्त्रियांना अलंकारांची हौस असते म्हणून ते दागिन्यांच्या पेटीसारख्या देखण्या पेटीत घालून देण्यात येत होते.

त्या रिव्हॉल्व्हरपेक्षाही ही पेटी मला अधिक अस्वस्थ करते. एका मुलीला राजधानीच्या रस्त्यावर राज्यसंस्था वाचवू शकली नाही. तिच्या मृत्यूला वर्ष उलटते न उलटते तोच त्याच राज्यसंस्थेच्या कारखान्याने तिच्या नावाची एक वस्तू घडवली, तिच्यावर किंमत लावली आणि बाकीच्या मुलींना जणू बजावले, की बाई, आता तुझे तू पाहा. ज्याचे कर्तव्य होते त्यानेच दुकान मांडावे आणि जिचा हक्क होता तिने गिऱ्हाईक व्हावे, असा हा व्यवहार आहे.

हा विचार एकट्या कानपूरचा नाही. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत एका राजकीय पक्षाने स्त्रियांना हजारोंच्या संख्येने लहान चाकू वाटले होते. २०१६ साली कोपर्डी आणि २०२० साली हिंगणघाट या नावांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हाही 'मुलींच्या हाती शस्त्रे द्या' अशी भाषणे झाली आणि त्यांना टाळ्या पडल्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुलींचे पालकही अलीकडे मला विचारू लागले आहेत, "फादर, मुलीसाठी पिस्तुलाचा परवाना मिळेल का? आणि घ्यायचेच झाले तर कोणते घ्यावे?" या पालकांवर मी रागावणार नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या बापाची रात्रीची झोप उडालेली असते. परंतु त्यांना नीट आणि पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे. आणि ते उत्तर पिस्तुलापाशी थांबता कामा नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम व्यावहारिक भाग. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, परवाना देतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे, पोलिसांचा चौकशी अहवाल अनुकूल हवा आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीजवळ जास्तीत जास्त दोनच शस्त्रे असावीत असे ठरले. नऊ मिलिमीटर किंवा ०.३८ बोअर यांसारखी शस्त्रे सामान्य नागरिकास निषिद्ध. त्यामुळे निवड बहुधा ०.३२ किंवा ०.२२ बोअरच्या रिव्हॉल्व्हर वा पिस्तुलापुरतीच उरते. रिव्हॉल्व्हरला वरचा सरकता भाग मागे ओढावा लागत नाही, चाप दाबला की काम होते. म्हणून नवशिक्या हातांसाठी जाणकार मंडळी तेच सुचवतात. सार्वजनिक जागी ते झाकलेले असावे, मिरवू नये, हवेत बार काढू नये असा नियम आहे. याचा अर्थ असा, की परवाना मिळणे अवघड असले तरी अशक्य नाही; आणि एखाद्या स्त्रीच्या जिवाला विशिष्ट व्यक्तीपासून खरोखर धोका असेल, तिने कायद्याप्रमाणे अर्ज केला आणि तो मंजूर झाला, तर तिला पापी ठरवण्याचा अधिकार मला नाही.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. धर्मगुरूने शस्त्राविरुद्ध लिहिले की 'हे आम्हाला दुसरा गाल पुढे करायला सांगणार' असे वाचक गृहीत धरतात. माझा तसा हेतू नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. आपला प्राण वाचवण्यासाठी केलेल्या कृतीतून हल्लेखोराचा मृत्यू ओढवला, तरी हेतू आत्मरक्षणाचा आणि बळ गरजेपुरते असेल, तर ते कृत्य निषिद्ध नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथाने तोच विचार स्वीकारला; शिवाय इतरांच्या जीविताची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, अशी भर घातली. आपला दंडविधानही हेच सांगतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये बलात्काराच्या हेतूने केलेल्या हल्ल्याचा प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो खासगी संरक्षणाच्या हक्कात मोडतो. २०१३ पासून ॲसिड हल्ल्याचाही त्यात समावेश झाला आहे. तेव्हा स्त्रीने ओरडावे, चावावे, ओरबाडावे, हाती येईल त्या वस्तूने मारावे. तिच्या या हक्काविषयी ना शास्त्राला शंका आहे ना कायद्याला. वाद आहे तो, आपण तिला काय देत आहोत आणि ते देऊन स्वतः कशातून सुटत आहोत, याविषयी.

आता किमतीकडे पाहू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. २०१४ ची किंमत आणि अलीकडची मजुरी अशी सवलतीची तुलना केली, तरी 'निर्भीक' घेण्यासाठी वैजापूर किंवा गंगापूर तालुक्यातील मजूर स्त्रीला ३९० हून अधिक दिवस राबावे लागेल, आणि तेही घरात एक घास न खाता. पुढे परवान्याचा खर्च, काडतुसांचा खर्च, सरावाचा खर्च. ऊसतोडीला जाणारी बाई फडात कोपीमध्ये झोपते. तिच्या कोपीला कडीकोयंडा नसतो. बीड-जालन्याहून निघालेली ती मजूरमाता, शहरात चार घरची धुणीभांडी करणारी आमची भगिनी, वीटभट्टीवरची मुलगी, या सर्वांना या दागिन्यांच्या पेटीत स्थान नाही. ज्यांच्या दारात आधीच रखवालदार उभा आहे, त्यांच्याच पर्समध्ये ते रिव्हॉल्व्हर जाणार. अत्याचार मात्र पर्स पाहून होत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, किंमत कमी करा, अनुदान द्या, म्हणजे झाले! समजा शासनाने उद्या ते फुकट वाटले. मग प्रश्न येतो, ते कोणावर रोखायचे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत: नोंदवलेल्या बलात्कारांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचे वचन देणारा. २०२२ साली देशात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजारांवर गुन्हे नोंदले गेले; त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, पती आणि त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. अंधाऱ्या वळणावर दबा धरून बसलेला अनोळखी नराधम खोटा नाही. परंतु आपल्या भीतीत तो जितका मोठा दिसतो, तितका तो वस्तुस्थितीत नाही. वस्तुस्थितीतला हल्लेखोर ओसरीवर बसून चहा मागतो. त्याच्यासाठी मुलगीच पाण्याचा तांब्या घेऊन येते. तिने त्या वेळी पर्स जवळ बाळगलेली नसते; आणि मामावर, दिरावर, शिकवणीच्या सरांवर रिव्हॉल्व्हर रोखण्याची तयारी कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात करून घेतली जात नाही.

याच संदर्भात आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही. घरात आलेले शस्त्र राहणार कोणाच्या ताब्यात? आपल्या बहुसंख्य घरांत कपाटाची किल्ली, पासबुक आणि जमिनीचा सातबारा ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती ते जाणार. परवाना बाईच्या नावावर, हुकमत बाप्याची. अमेरिकेत घरोघर पिस्तुले आहेत, म्हणून तेथील अनुभव पाहावा. कॅलिफोर्निया राज्यातील लक्षावधी नागरिकांच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. स्वतः शस्त्र न बाळगणारी, परंतु पिस्तूल बाळगणाऱ्याबरोबर एका घरात राहणारी माणसे अधिक सुरक्षित असतात का, हे त्यात तपासले होते. निष्पन्न उलटे निघाले. अशा घरांतील माणसांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण तर सातपट होते आणि असे बळी गेलेल्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. त्याच राज्यातील २०२० च्या दुसऱ्या एका अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रियांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे ३५ पट आढळले. आपल्याकडे २०२१ साली आत्महत्या केलेल्या स्त्रियांची संख्या ४५ हजारांवर होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. सासरच्या जाचाने पिचलेल्या, रात्री उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या बाईच्या उशाशी भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवणे, याला संरक्षण म्हणायचे का? विहिरीच्या काठावरून माघारी फिरलेल्या अनेक भगिनी आपल्या धर्मग्रामांत आज सुखाने नांदत आहेत. दाबलेला चाप माघारी फिरत नाही.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. बळी पडणाऱ्या स्त्रीने शस्त्र चालवावे अशी अपेक्षा समाजात रूढ झाली, की उद्या न्यायासनासमोर तिलाच विचारले जाईल, "तुझ्याजवळ पिस्तूल होते, मग चालवले का नाही?" किंवा "पिस्तूल का घेतले नव्हते?" ही माझी कल्पनाशक्ती नाही. महाराष्ट्राने हे एकदा अनुभवले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरवले. कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, अर्थात तिची संमती असावी! पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, गणवेशातील माणसांसमोर एका अजाण, गरीब मुलीकडून न्यायदेवता जखमांचा दाखला मागत होती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, की तेच गृहीत धरावे असे ठरले. प्रतिकाराचा पुरावा मागण्याची ती जुनी खोड मोठ्या कष्टाने मोडली आहे. रिव्हॉल्व्हरचे गोडवे गाणारी मंडळी नकळत तीच खोड परत आणत आहेत. आणि मथुरेपुढे जी माणसे उभी होती, त्यांच्या पाठीशी तर राज्याची सगळी शस्त्रे होती, हेही लक्षात घ्यावे.

ही खोड आपल्या प्रवचनांतही शिरलेली आहे, हे सांगण्यास मी कचरणार नाही. संत मारिया गोरेटीचे नाव आपल्या मुलींना पहिल्या कम्युनियनपासून ऐकवले जाते. १९०२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिने आपल्यावर झडप घालणाऱ्या तरुणाला नकार दिला आणि त्याने तिला भोसकून मारले. १९५० साली पोप पायस बारावे यांनी तिला संतपद दिले. तिची थोरवी वादातीत आहे. परंतु तिची कथा सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली ही, की मारेकरी अनोळखी नव्हता. त्याचे आणि तिचे कुटुंब एकाच घरात राहत होते. दुसरी ही, की जी मुलगी वाचली, जी भीतीने गोठली, जिच्या तोंडून शब्द फुटला नाही, ती तिच्याहून उणी ठरत नाही. इसवी सन ४१० मध्ये रोम लुटले गेले आणि अनेक ख्रिस्ती स्त्रियांची विटंबना झाली, तेव्हा लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या स्त्रियांची बाजू घेतली. शुद्धता हा मनाचा गुण आहे, जेथे मनाची संमती नाही तेथे दुसऱ्याच्या पापाने स्त्री कलंकित होत नाही, असे त्यांनी निक्षून मांडले. सोळाशे वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले आहे, ते आपल्या घराघरांत अजून पोहोचलेले नाही. अन्यथा अत्याचार झालेल्या मुलीचे लग्न घाईघाईने परगावी लावून देण्याची रीत आपल्यात उरली नसती.

'मग स्त्रियांनी हातात काही घेऊच नये का?' असे विचारणाऱ्यांसाठी नागपूरचे उदाहरण देतो. कस्तुरबानगर या वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ दहशत माजवली होती; बलात्कार, खून, खंडणी यांना सीमा नव्हती. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले असता वस्तीतील सुमारे दोनशे स्त्रियांच्या जमावाने त्याला तेथेच ठार केले. हाती काय होते? भाजी कापण्याचे चाकू आणि तिखटाची पूड. पुढे खटला चालला आणि २०१४ साली सर्व आरोपी सुटले. न्यायालयात माणूस मारला जाणे ही मी गौरवाची गोष्ट मानत नाही. गुंडालाही न्यायनिवाड्याचा हक्क आहे. पण या घटनेतून एक धडा स्पष्ट निघतो. ते चाकू आणि ते तिखट त्या बायकांच्या स्वयंपाकघरात ती सगळी वर्षे होतेच. शस्त्राची उणीव त्यांना एक दिवसही भासली नव्हती. त्यांच्या वस्तीला उणीव होती ती तक्रार लिहून घेऊन तिच्यावर कारवाई करणाऱ्या पोलीस ठाण्याची, साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणाऱ्या शेजाऱ्याची, जामिनावर सुटून आलेल्या गुंडाला अडवणाऱ्या व्यवस्थेची. ते मिळाले असते, तर चाकू कांदे कापण्यापुरताच राहिला असता.

शास्त्राचे वाचन असलेले माझे काही मित्र येथे युदीथेचे नाव पुढे करतील. होलोफर्निसचे मुंडके उडवणारी ती विधवा आपल्या पवित्र ग्रंथात सन्मानाने उभी आहे. खरे आहे. पण तो ग्रंथ पुन्हा उघडून पाहावा. शत्रूने पाणी तोडल्यावर नगराच्या वडीलधाऱ्यांनी पाच दिवसांत शरण जाण्याचे ठरवले होते. युदीथेने सर्वप्रथम त्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतले आणि त्यांची कानउघाडणी केली. तलवार नंतर आली, आणि तीही तिने घरून नेली नव्हती. शत्रूच्याच उशाची उचलली. पुरुषांनी जबाबदारी टाकून दिल्यावर एका स्त्रीवर काय वेळ येते, याची ती कथा आहे. तिच्यावरून पुरुषांनी निश्चिंत व्हावे असा बोध काढणे म्हणजे शास्त्राची थट्टा होय.

मला आपल्या प्रश्नाशी अधिक जवळची वाटते ती सुसान्ना, दानियेलाच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायातली. तिच्यावर डोळा ठेवणारे दोघे कोण होते? समाजाचे वडील, न्यायनिवाडा करणारे, तिच्या पतीच्या घरी नित्य येणारे-जाणारे. जागा कोणती? तिच्याच घरची बाग. तिच्याजवळ एकच साधन होते, आवाज. ती मोठ्याने ओरडली. लोक धावून आले, पण त्यांनी विश्वास ठेवला तो प्रतिष्ठितांवर, आणि तिला मरणदंड सुनावला. तेव्हा दानियेल नावाचा तरुण पुढे झाला. त्याने दोघा साक्षीदारांना वेगवेगळे केले आणि प्रत्येकाला विचारले, तू त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघांनी दोन झाडे सांगितली. एका नीट विचारलेल्या प्रश्नाने एक स्त्री वाचली. आज आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे, की आपल्या धर्मग्रामात सुसान्ना ओरडली तर दानियेल कोण होणार?

कारण आपल्याकडे अशा वेळी काय घडते, ते आपण सर्वजण जाणतो. मुलगी आईला सांगते, आई म्हणते, "बाहेर बोलू नकोस." बातमी फुटली तर चार प्रतिष्ठित मंडळी बसतात, घराण्याची आणि धर्मग्रामाची अब्रू यांची चर्चा होते आणि प्रकरण 'मिटवले' जाते. मिटते ते मुलीचे आयुष्य. आरोपी पुढच्या रविवारी पवित्र मिस्सेला पुढच्या बाकावर असतो आणि ती मुलगी घरी बसते. अशा समाजाने मुलीला रिव्हॉल्व्हर भेट द्यावे, याहून ढोंग कोणते?

म्हणून पालकांनो, पिस्तुलाची चौकशी करण्याआधी या गोष्टी पाठ करून ठेवा. अठरा वर्षांखालील बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना न कळवणे, हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. त्यातून पालक, शिक्षक, धर्मगुरू, कोणीही सुटत नाही. अशी 'मिटवामिटवी' करणाऱ्या पंचांनी हे ध्यानात घ्यावे. बलात्काराची फिर्याद लिहून घेण्यास नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद २०१३ पासून आहे. नव्या न्याय संहितेत ती कलम १९९ मध्ये आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात द्यावी. 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. पीडितेवर विनामूल्य प्रथमोपचार करणे सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. घरात मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. दहा वा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मुलगी नोकरीला लागली, की पगाराबरोबर त्या समितीचीही विचारणा करा. संकटसमयी ११२ हा क्रमांक लहान मुलीलाही ठाऊक असावा. मुलींनी ज्यूदो-कराटे जरूर शिकावे. त्याने चपळाई आणि धीर येतो, आणि ते कपाटातून कोणी चोरून नेत नाही.

यापैकी कोणतीही गोष्ट कागदावरून आपोआप उतरणार नाही. त्यासाठी माणसे लागतात. मुलीबरोबर ठाण्यात जाऊन रात्री दोनपर्यंत बाकावर बसणारी दोन प्रौढ माणसे प्रत्येक धर्मग्रामात ठरलेली हवीत, त्यांत एक स्त्री हवीच. पाळी सुटल्यावर कंपनीची गाडी मुलीला हमरस्त्यावर न सोडता वस्तीच्या तोंडाशी सोडेल, याचा पाठपुरावा पालकांनी एकत्र येऊन करायला हवा. खांबावरचा दिवा महिनोन्महिने बंद असेल, तर महापालिकेच्या दारी पुनःपुन्हा जायला हवे. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतील मुलींसाठी शाळेत नेणाऱ्या निळ्या बस सुरू झाल्या, तेव्हा वाटेतल्या छेडछाडीला भिऊन शाळा सोडणाऱ्या कितीतरी मुलींना सोबत आणि सुरक्षित वाट मिळाली. एका बसने पन्नास मुली जातात. एका रिव्हॉल्व्हरने एकही शाळेत पोहोचत नाही.

मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी 'निर्भीक'वर कठोर टीका केली होती. त्यांच्या राज्याने बंदुकांचे राज्य पाहिले आहे. डिसेंबर २००४ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी तेथील एका खेड्यात एका तरुणाला त्याच्या दुकानातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. नेप्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैसे गोळा करून त्याच्या तरुण विधवेला एक शिवणयंत्र घेऊन दिले. त्यातूनच पुढे बंदुकीच्या हिंसेत होरपळलेल्या स्त्रियांची संघटना उभी राहिली. ज्यांनी बंदूक जवळून पाहिली, त्यांनी विधवेच्या हाती बंदूक दिली नाही, उपजीविका दिली. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी हे उदाहरण अभ्यासावे. ज्या बाईच्या हाती स्वतःची कमाई आहे आणि जिच्या नावावर स्वतंत्र खाते आहे, ती मारणाऱ्याच्या घरातून बाहेर पडू शकते.

राहिला प्रश्न त्या अंधाऱ्या वळणावरच्या अनोळखी माणसाचा. तो आहे, आणि त्याच्यापुढे एकटी सापडलेली मुलगी काय करील, याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. तिच्या जवळ काही असावे असे बापाला वाटणे स्वाभाविक आहे; मिरचीचा फवारा असू द्या, शिट्टी असू द्या. परंतु झडप मागून पडते, हल्लेखोर पुष्कळदा एकाहून अधिक असतात, आणि पर्सची चेन उघडून झाकलेले रिव्हॉल्व्हर बाहेर काढायला जे क्षण लागतात तेच तिच्यापाशी नसतात. हातातून निसटलेले शस्त्र कोणाच्या कामी येते, हे सांगायला नको. त्या वळणावर तिला खरा आधार एकच, तिची हाक ऐकून धावत येणारी माणसे. ती माणसे आपण आहोत. आपल्या दाराच्या कड्या आपण आतून लावून घ्यायच्या आणि तिच्या हाती सहा गोळ्या द्यायच्या, हा सौदा मला मान्य नाही. येत्या धर्मग्राम सभेच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ठाण्यात सोबत जाणाऱ्या दोन व्यक्तींची नावे त्याच सभेत ठरवावीत आणि ती चर्चच्या फलकावर लावावीत, अशी मी सर्व वाचकांना आग्रहाची विनंती करतो.